पुलाखालचा माणूस

रविवारी दुपारी दीड वाजता वाशीमच्या कलासंग्रहालयातल्या जपानी दालनात लख्ख उजेड पडला. थोड्याच वेळात तो गेला आणि त्याच्याबरोबर अख्ख्या इमारतीची वीज गेली. उजेड पाडणारा माणूस रिसोडच्या जगदेव सरांचा सख्खा मेव्हणा होता. वीज घालवली ती संग्रहालयाच्या प्रमुख उज्ज्वला मॅडम यांनी, स्वतःच्या हाताने, मेन स्विच खाली ओढून. त्या वेळी त्यांचा चेहरा शेजारच्या दालनातल्या जर्मन चित्रांमध्ये सहज खपून गेला असता.

खुद्द जगदेव सर तेव्हा दोन्ही दालनांच्या मधल्या दारापासून फार लांब नव्हते. पण ते वाकलेले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत त्यांच्या सासूबाई होत्या.

सर रिसोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्यांच्या वर्गात फळ्याशेजारी एक चित्र लावलेले होते. फार वर्षांपूर्वी रद्दीत सापडलेल्या एका मासिकाचे पान, पुठ्ठ्यावर डकवून वर प्लास्टिक चढवलेले. चित्र जपानी होते, लाकडी ठशांवरून छापलेले. संध्याकाळची वेळ, एक लाकडी पूल, सगळीकडे बर्फ. आणि पुलाखाली, नदीच्या काठाला, तुरीच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका.

"हा माणूस आहे," सर दरवर्षी पाचवीच्या मुलांना सांगत. "एकटा बसला आहे. आता एकेकानं या आणि त्याच्यावर अंगठा ठेवा."

मुले ओळीने येऊन अंगठा ठेवत.

"काय राहिलं?"

"पूल, सर!"

"अजून?"

"बर्फ, सर!"

"मग चित्र राहिलं का?"

"नाही, सर!" मुले एका सुरात ओरडत. रिसोडच्या बाजारात आज ज्या आडत्यांना, कापडवाल्यांना आणि मेडिकलवाल्यांना चित्रकलेतले काहीही आठवत नाही, त्यांनाही पुलाखालचा माणूस आठवतो. सर रस्त्याने दिसले की कोणीतरी दुकानातून अंगठा वर करतो. परगावच्या माणसाला वाटते, सगळे छान चालले आहे.

सगळे छान चालले नव्हते. जूनपासून सरांची जागा घेणाऱ्या निता मॅडम शिकाऊ म्हणून शाळेत आधीच रुजू झाल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या पानाला भिंग लावले.

"सर, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण हा माणूस वाटत नाही. मासिक छापताना शाई सांडली असावी."

"शाई?"

"डाग आहे, सर."

मग त्यांनी मोबाईलवर त्याच चित्राच्या दुसऱ्या प्रती दाखवल्या. ठशांची चित्रे, त्यामुळे प्रती अनेक आणि प्रत्येकीत काही ना काही वेगळे. एका प्रतीत पुलाखाली काहीतरी काळे होते, दुसरीत बर्फ स्वच्छ होता, तिसरीत कागदच त्या जागी विरलेला होता. मासिकाने ज्या प्रतीवरून पान छापले ती प्रत मोबाईलवर कुठेच नव्हती. ती एका संग्राहकाच्या घरी होती, एवढेच त्याच्या नावासह पानाखालच्या बारीक ओळीत लिहिलेले होते.

त्या दिवसापासून सरांची झोप उडाली. माणूस नसेल, तर आपण इतकी वर्षे अख्ख्या गावाला एका डागावर अंगठा ठेवायला लावला, हा विचार त्यांना जेवताना येई, दात घासताना येई आणि बाजारात कोणी अंगठा दाखवला की जास्तच येई.

आणि मग जानेवारीत वर्तमानपत्रात बातमी आली. जपानी आणि जर्मन छापचित्रांचे प्रदर्शन वाशीमला येत होते. संग्राहकाचे नाव तेच. बातमीसोबत पुलाचा फोटोही होता. वर्तमानपत्राच्या छपाईत पुलाखाली नुसता काळोख होता.

प्रदर्शन आठवडाभर होते. तो आठवडाभर सर कसल्याशा सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलेले होते आणि घरोघर जाऊन लोकांना शौचालय दाखवायला सांगत होते. त्यांच्या हाती फक्त शेवटचा रविवार उरला. त्यांनी बेत साधा ठेवला: सकाळची एसटी, एकट्याने जायचे, पुलासमोर उभे राहायचे, परत यायचे.

"वाशीमले चालले?" त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी शनिवारी रात्री विचारले. "मंग आईलेबी न्या. तिनं वाशीममंदी कोर्टाशिवाय कई काही पाह्यलंच नाई."

"अगं, ते चित्रांचं प्रदर्शन आहे."

"मंग काय झालं? कोर्टात तं चित्रंबी नसतात."

सासूबाई चतुराबाई शेजारच्याच गल्लीत मुलाकडे राहत. त्यांना निरोप गेला, तसा तो मुलालाही कळला. मुलगा राजू. त्याचे मोटार वायंडिंगचे दुकान होते. तालुक्यातल्या विहिरींवरचे जळालेले पंप त्याच्याकडे येत आणि नव्याने तार गुंडाळून परत जात.

"यष्टीनं कायले जाता, भाऊजी?" राजू सकाळी जीप घेऊन दारात हजर झाला. "घरची गाडी असून?"

सरांनी काही बोलण्याआधी चतुराबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. राजूची जीप सगळा तालुका ओळखत होता. रिसोड सुटले न सुटले तोच एका शेतकऱ्याने हात दाखवला. त्याचा पंप घरघर करत होता आणि पाणी उचलत नव्हता.

"पाच मिंटं, भाऊजी," राजू उतरत म्हणाला.

"राजू, आज नको."

"मानूस पाण्यावाचून उभा हाय, अन् मी तसाच जाऊ?"

सर जीपमध्ये बसून राहिले. राजूने स्टार्टरचा डबा उघडला, वायरी ओढल्या, काहीतरी चोळले, काहीतरी चोपडले. अशी पाच मिनिटे आणखी दोन विहिरींवर झाली. तिसऱ्या विहिरीवरून तो परत आला तेव्हा त्याचे दोन्ही हात वार्निश आणि ग्रीसने काळेभोर झाले होते.

"हात धुऊन घे रे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"वाशीमले धुतो," राजू म्हणाला आणि त्याने स्टिअरिंग धरले.

संग्रहालयापाशी पोचायला एक वाजून गेला. राजू जीपला सावलीची जागा शोधायला गेला. बाकीचे तिघे दारापाशी गेले, तिथे उज्ज्वला मॅडम स्वतः लोकांना सूचना देत होत्या. आठवडाभर रोज तेच बोलून त्यांचा आवाज बसला होता.

"आत उजेड मुद्दाम कमी ठेवला आहे," त्या म्हणाल्या. "कागद जुना आहे. जास्त उजेडानं रंग उडतात. डोळे सरावेपर्यंत थोडं थांबा. फ्लॅश नको, हात नको."

सरांनी मान डोलावली. वैजयंतीबाईंनी मान डोलावली. चतुराबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. ही सूचना त्या दिवशी प्रत्येक माणसाने ऐकली. ज्याने ऐकायला हवी होती तो कडुलिंबाखाली जीप मागे-पुढे करत होता.

आत डाव्या हाताला जपानी दालन होते, उजव्या हाताला जर्मन. सरांनी दारातूनच लांबवर भिंतीवर एक निळसर-पांढरी चौकट पाहिली आणि झटकन मान फिरवली. लहानपणापासून त्यांची एक खोड होती. ताटातली जिलेबी ते शेवटी खात. पत्र आले तर आधी पाकीट निरखत, मग चहा घेत आणि मग फोडत. इतकी वर्षे थांबलेले ते चित्र असे आल्याआल्या, धापा टाकत पाहणे त्यांना परवडणारे नव्हते.

"आधी जर्मन पाहू," ते म्हणाले.

"तुमी पाहा. मी इकडं जाते," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि सरळ जपानी दालनात शिरल्या. चतुराबाई जावयाच्या मागोमाग गेल्या.

जर्मन दालनात सगळे काळे-पांढरे होते. लाकडात खोदून काढलेले चेहरे, खोल गेलेले डोळे, मोठमोठे हात. युद्धातून परत न आलेल्यांची माणसे. चतुराबाई एकेका चित्रासमोर थांबू लागल्या. एका चित्रात एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती आणि तिने ते इतके घट्ट धरले होते की मूल कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते ते कळत नव्हते.

"जवाईबापू, हे लेकरू वाचलं काय?"

"माहीत नाही. चित्र आहे ते."

"चित्र हाय म्हनून काय झालं? माय तं खरी हाय ना." त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "बाई पाह्य कशी बसली. हिच्याजवळ कोनीच आलं नाई वाट्टे."

आणि चतुराबाई तिच्याजवळ बसल्या. तिथेच, फरशीवर, चपला बाजूला ठेवून. कोणाकडे दुःख झाले की त्या जशा जाऊन बसत तशाच, काही न बोलता. सरांना प्रथम लाज वाटली आणि मग त्या लाजेची लाज वाटली. पण दोन्हींच्या पलीकडे एक अडचण होती. चतुराबाईंच्या गुडघ्यांना खाली बसता येत असे. वर उठणे हे वेगळे काम होते आणि त्याला दुसरा माणूस लागे.

नेमक्या त्याच वेळी राजू आत आला.

ज्याने उभे आयुष्य विजेच्या वाटेकडे डोळे लावून काढले आहे, त्या माणसाला अंधुक दिवा दिसला की तो चित्राकडे पाहत नाही. तो फेज पाहतो. आपल्याकडे घराघरात हेच चालते. दिवा लाल पडला की कोणी कारण विचारत नाही, स्टूल आणतात, डबी उघडतात आणि तार एका फेजवरून काढून दुसऱ्या फेजवर टाकतात. राजूने वर पाहिले, दिवे मोजल्यासारखी मान फिरवली आणि त्याला मनापासून वाईट वाटले. एवढी मोठी इमारत, सरकारी पाहुणे येणार, आणि व्होल्टेज हे असे.

जपानी दालनाच्या मागच्या बोळात पहारेकरी उभा होता. राजूला पाहून तो खुलला.

"राजूभाऊ! तुमी अठी?"

तो फुलसिंग होता. पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरचा. मागच्या हिवाळ्यात त्याच्या विहिरीचा पंप राजूनेच नवी तार भरून दिला होता आणि तो अजून एकदाही जळाला नव्हता.

"फुलसिंग, हे काय बापा? अंधार करून ठेवला."

"असंच राह्यते जी. चित्रं आल्यापासून."

"अन् कोनी पाह्यलं नाई?"

"मॅडम म्हनतात, असंच ठेवाचं."

"मॅडम चित्राच्या मानूस. त्यायले विजेचं काय समजते? बोर्ड कुठी हाय?"

ज्याने आपला पंप जगवला त्याला बोर्ड दाखवायला फुलसिंगला काय हरकत असणार? बोर्डावर राजूला जपानी दालनाच्या दिव्यांच्या वाटेत बसवलेली एक नवी कोरी डबी दिसली, तिला गोल बटन होते. सगळी वीज तिच्यातून जात होती आणि निम्मीच बाहेर पडत होती. त्याचा जीव हळहळला.

"हेच खाऊन राह्यलं सगळं," तो म्हणाला. त्याने डबी वाटेतून काढली आणि तारा सरळ जोडल्या.

जपानी दालन लग्नाच्या मांडवासारखे उजळले. इतका वेळ देवळात असल्यासारखे कुजबुजणारे लोक उजेड पडताच मोठ्याने बोलू लागले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. "आता कसं दिसून राह्यलं!" एक म्हातारा म्हणाला आणि पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरुवात करायला गेला.

दाराच्या पलीकडे सरांनी तो उजेड फरशीवर पसरताना पाहिला. त्यांना ताबडतोब कळले. या उजेडात पुलाखाली जे काही आहे ते दिसेल. माणूस असेल तर त्याची टोपीसुद्धा दिसेल. त्यांनी चतुराबाईंच्या काखेत हात घातले.

"उठा, उठा लवकर!"

"थांबा वो, जवाईबापू. डावा गुडघा अजून आला नाई."

"डावा राहू द्या!"

"राहू द्या म्हनता? तो इथी ठेवून जाऊ काय?"

त्याच वेळी जपानी दालनात राजू आपले काम पाहायला आला होता. वैजयंतीबाई बर्फातल्या पुलासमोर उभ्या होत्या.

"ताई, भाऊजीचा पूल हाच काय?"

"हाव, हाच दिसते."

"अन् थो मानूस?"

"असन तिथंच खाली."

"काढ फोटू. मी बोट ठेवतो, म्हंजे त्यायले बरोबर समजन." राजूने आपला मोबाईल बहिणीच्या हातात दिला, चित्राशेजारी उभा राहिला, कॅमेऱ्याकडे पाहून हसला आणि उजव्या हाताची तर्जनी पुलाखाली टेकवली. फ्लॅश उडाला.

यानंतर उज्ज्वला मॅडमची किंकाळी ऐकू आली आणि मग अंधार झाला.

चतुराबाईंचा डावा गुडघा त्या अंधारातच आला.

पुढचे काही तास वाईट गेले. सगळ्यांना बाहेर काढले. आत चित्रांवर पांढरी कापडे टाकली. ("आता खरंच कोनी गेल्यावानी दिसते," दारातून डोकावून चतुराबाई म्हणाल्या.) मॅडमचा फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येक फोननंतर त्या थोड्या आणखी खाली बसल्यासारख्या दिसत. राजू पायरीवर उभा होता आणि जो दिसेल त्याला समजावून सांगत होता.

"मी बिघडवलं काय? नाई. मी सुधरवलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या."

सर मॅडमपाशी गेले.

"मॅडम, मला एकच चित्र पाहायचं आहे. फक्त एक. मोबाईलच्या बॅटरीवरसुद्धा चालेल."

"बॅटरी?" मॅडमनी त्यांच्याकडे पाहिले. "तुम्ही त्या माणसाबरोबर आलात ना?"

"नाही. म्हणजे, हो. पण मी यायला नको म्हणत होतो."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच," सर म्हणाले.

त्यांच्या आवाजात काहीतरी असावे, कारण मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली. सरांनी त्यांना सगळे सांगितले: मासिकाचे पान, अंगठा, निता मॅडम, भिंग. उज्ज्वला मॅडमनी ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, चित्रे त्यांनी भिंतीवर लावली तेव्हा त्या दोन रात्री जागलेल्या होत्या आणि कोणत्या चित्रात काय आहे ते त्यांना विचाराल तर जर्मन काळे होते आणि जपानी नव्हते, एवढेच आठवते.

शेवटी राजूनेच डबी पुन्हा वाटेत बसवली. मॅडम त्याच्या मागे उभ्या होत्या आणि फुलसिंग मॅडमच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून. दिवे पहिल्यासारखे मंद झाले. राजूने वर पाहिले आणि त्याला पुन्हा वाईट वाटले.

प्रदर्शन पुन्हा उघडणार नव्हते. पण बंद करायच्या वेळेला थोडा अवकाश होता, तेव्हा मॅडमनी सरांना खूण केली. "तुम्ही एकटे. आणि दोरीच्या बाहेरून. कोणीतरी काचेला बोट लावलं होतं, म्हणून आता दोरी बांधली आहे."

दोरी चांगली लांब बांधली होती. कोणाचेही बोट पोचू नये, इतकी.

फुलसिंगने कापड वर केले. सर उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांचे डोळे सरावले आणि पूल अंधारातून हळूहळू वर आला. मासिकात बर्फ राखाडी होता. इथे तो पांढराही नव्हता, तिथे नुसता कागद होता, छापणाऱ्याने न छापता सोडलेला. इतकी वर्षे मुलांना शिकवताना हे आपल्याला माहीत नव्हते, असे सरांच्या मनात आले आणि त्यांना चष्मा पुसावा लागला.

मग त्यांनी पुलाखाली पाहिले.

तो तिथे होता. नदीच्या काठाला, त्याच जागी. इतक्या लांबून आणि इतक्या उजेडात टोपी दिसत नव्हती, हातपाय दिसत नव्हते. पण तो होता, छोटा, काळा, खालून जरा रुंद, बसल्यासारखा. सरांनी एक डोळा मिटला, हात लांब केला आणि त्याच्यावर अंगठा धरला. पूल राहिला, बर्फ राहिला, चित्र गेले. अंगठा काढला. चित्र परत आले.

बाहेर येताच त्यांनी निता मॅडमना संदेश पाठवला. "माणूस आहे. स्वतः पाहिला."

रिसोडच्या रस्त्याला लागण्याआधी सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. राजूला दोन प्लेट घेऊन दिल्या. "उजेडाचं जाऊ दे," ते म्हणाले. "तुझा हेतू वाईट नव्हता." वैजयंतीबाईंनी नवऱ्याला इतके प्रसन्न बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत, कारण बोलले की ते जाते असा त्यांचा अनुभव होता.

"भाऊजी, फोटू तं पाह्यलाच नाई तुमी," जीप रस्त्याला लागल्यावर राजूने मोबाईल मागे दिला.

सरांनी पाहिला. फोटो झकास आला होता. बर्फ, पूल, हसणारा राजू. पुलाखाली, नेमक्या त्या जागी, राजूचे बोट. त्यांनी बोटांनी चित्र मोठे केले. नखाच्या कडेला काळे वार्निश होते. पेरावर काळे ग्रीस होते. बोटाचे टोक काचेवर दाबून चपटे झाले होते.

सरांनी मोबाईल मांडीवर ठेवला.

"राजू, तू बोट काचेला टेकवलं होतंस?"

"टेकवल्याशिवाय कसं समजन, नेमकं कुठी ते?"

"हात धुतले होते?"

राजूने स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिले. जीप थोडी वाकडी गेली.

"वाशीमले धुतो म्हनलो होतो," तो हळूच म्हणाला.

"वाशीम तं मागं राह्यलं," चतुराबाई म्हणाल्या.

मग सरांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, शांतपणे, वर्गात पेन चोरीला गेल्यावर विचारत तसे.

"राजू, बोट ठेवण्याआधी तिथे काय होतं?"

"मी कॅमेऱ्याकडं पाहून राह्यलो होतो, भाऊजी."

"वैजयंती, तू समोरच उभी होतीस."

"मी मोबाईलमंदी पाहत होते. मोबाईलमंदी याचं बोट होतं."

"पण त्याच्या आधी? अंधुक उजेडात?"

"त्याच्या आधी माह्या डोक्यात आईचे गुडघे होते. फरशी पाहून मले वाटलंच, हे बसन अन् उठनार नाई."

"मी तं गेलीच नाई तिकडं," चतुराबाई स्वतःहून म्हणाल्या. "मी त्या बाईपाशी होती."

सरांनी उज्ज्वला मॅडमना फोन लावला. मागे ठोकाठोकीचा आवाज येत होता. पेट्या भरणे चालू होते.

"हो, काचा पुसूनच भरतो आम्ही," मॅडम म्हणाल्या. "एका काचेवर डाग होता खरा. पुलाच्याच ना? फुलसिंगनं पुसला. देऊ त्याच्याकडे?"

फुलसिंग फोनवर आला.

"डाग निघाला का?" सरांनी विचारले.

"निंगाला जी."

"पूर्ण निघाला? खाली काही राहिलं का? काचेच्या आत, कागदावर?"

फुलसिंगने विचार केला. "सायेब, जेवढा काचेवर व्हता तेवढा निंगाला."

"आणि जो काचेवर नव्हता तो?"

"आमाले चित्राकडं पाहाचं सांगतलंच नाई जी. मानसायकडं पाहाचं सांगतलं. कोनी हात तं लावून नाई राह्यलं, म्हनून."

पेटी उघडून एकदा पाहता येईल का, असे सरांनी विचारले. फोन परत मॅडमकडे गेला होता. त्या म्हणाल्या, "सर, मी आज खूप थकले आहे." सरांना ते पटले.

रिसोड यायच्या आत निता मॅडमचे उत्तर आले. "अभिनंदन, सर! माझी चूक झाली. उद्या पहिल्या तासाला मुलांसमोर मी ती कबूल करते. तुम्ही स्वतः सांगा, तुम्ही काय पाहिलंत." संदेशाच्या शेवटी वर केलेला अंगठा होता.

सर रात्रभर कूस बदलत राहिले. राजूला वाटले आपण काहीतरी करायला हवे, म्हणून त्याने सकाळी तो फोटो मोठा छापून दुकानात लावला.

पेट्या सोमवारी पहाटे वाशीमहून पुढे गेल्या. पुढचा मुक्काम कुठे, ते अजून जाहीर झालेले नाही. पाचवीच्या वर्गात निता मॅडमनी आपली चूक कबूल केली आहे. मुले फळ्यापासून दारापर्यंत ओळीत उभी आहेत आणि त्यांचे अंगठे वर आहेत. सर चित्राच्या पानाकडे तोंड करून उभे आहेत. अजून ते वळलेले नाहीत.